निजामाचा टियारा कुठे गेला? (मोडून घडवलेले राजदागिने)

गोदाकाठ

परवा आत्याकडे एका दागिन्यावरून जोरदार वाजलं. ते खाली सांगते. त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर टियाऱ्यांचे (राण्या डोक्यावर घालतात ते मुकुटासारखे दागिने) फोटो बघत पडले होते, त्यात एक गोष्ट कळली आणि ती काही डोक्यातून जात नाहीये.

आम्ही मूळचे परभणीचे, म्हणजे निजामाची रयत. २० नोव्हेंबर १९४७ ला लंडनला राजकन्या एलिझाबेथचं (पुढे इंग्लंडची राणी झाली तिचं) लग्न लागलं तेव्हा भारत स्वतंत्र होऊन तीन महिने झाले होते, पण आमच्याकडे स्वातंत्र्य पोचायला अजून दहा महिने होते. निजाम मीर उस्मान अली खानने या लग्नाला आहेर काय करावा? लंडनच्या कार्टियर या जवाहिऱ्यांना कळवलं की राजकन्येला जे आवडेल ते तिने स्वतः येऊन निवडावं. तिने एक हिऱ्यांचा हार घेतला आणि एक टियारा. टियाऱ्यावर इंग्लिश गुलाबांची नक्षी होती, त्यातली तीन फुलं सुटी करून ब्रोच म्हणून लावता यायची. लग्नानंतर नऊ दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, निजामाने भारत सरकारशी जैसे थे करार केला. पुढच्या वर्षात मराठवाड्यात रझाकारांनी काय केलं ते इथल्या अनेकांच्या घरी माहीत आहे. आमच्या आजोबांना रातोरात घर सोडावं लागलं होतं. त्या टियाऱ्यात आमच्या शेतसाऱ्याचाही चिमूटभर वाटा असणारच, असं मला उगाच वाटत राहिलं.

तर १९७३ मध्ये राणीने तो टियारा मोडला. हिरे काढले आणि गॅरार्ड या जवाहिऱ्यांकडून नवा घडवून घेतला, त्यात माणकांची फुलं. माणकं कुठली, तर ब्रह्मदेशच्या जनतेने त्याच लग्नात दिलेली, मोजून ९६. माणसाला ९६ रोग होतात आणि एकेक माणिक एकेक रोग अडवतं, अशी तिकडची समजूत. हार शाबूत आहे (२०१४ मध्ये नातसून केटने घातला होता), तीन गुलाब ब्रोच म्हणून उरले. मूळ टियारा आता फक्त फोटोत.

माझं म्हणणं एवढंच: बदल करायला हरकत नाही, पण मागे फिरता येईल असा करावा. लोंबते मोती काढून डबीत ठेवले तर नातसून पुन्हा लावू शकते. निजामाचा टियारा आता कुणालाच परत घालता येणार नाही.

आता आत्याकडचं. पणजीची राखडी आहे, अंबाड्यात खोचायची, सोन्याची, मध्ये माणिक. खोपा कुणी घालत नाही, त्यामुळे चाळीस वर्षं ती डब्यात पडून आहे. आत्तेबहिणीला ती मोडून गळ्यातलं पदक करायचंय. आत्या म्हणते, माझ्या डोळ्यादेखत नाही. दोघींनी मला मधे घेतलंय. बोला.

मनमौजी

त्यांचे हिरे, त्यांचं डोकं. आपण शेंगदाणे घेऊन बसलो.

पंतोजी

गोदाकाठताई, लेख आवडला, पण तुमची कसोटी लावली तर लंडनच्या तिजोरीतलं निम्मं घबाड नापास होईल. 'मूळ रूप' म्हणून आपण जे बघतो ते बहुतेक वेळा तिसरं-चौथं रूप असतं. याबाबतीत सगळ्यात मोठी मोडतोडकर्ती एलिझाबेथ नव्हे, तिची आजी राणी मेरी.

नोटा-नाण्यांवर एलिझाबेथच्या डोक्यावर जो टियारा दिसतो तोच घ्या. १८९३ मध्ये मेरीच्या लग्नात 'ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडच्या मुलींनी' वर्गणी काढून दिलेला. (वर्गणी उरली ती मेरीने त्याच जूनमध्ये बुडालेल्या 'व्हिक्टोरिया' युद्धनौकेवरच्या खलाशांच्या विधवा-मुलांना द्यायला लावली. हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.) वरच्या टोकांवर तेव्हा १४ टपोरे मोती होते. १९१४ मध्ये बाईंनी ते काढून तिथे १३ हिरे बसवले. मोती गेले तेव्हा नव्याने घडलेल्या 'लव्हर्स नॉट' नावाच्या टियाऱ्यामध्ये, जो पुढे डायनाने घातला आणि आता केट घालते. आणि गंमत म्हणजे तो 'लव्हर्स नॉट' तरी अस्सल कुठे? मेरीच्या आजीकडे तसा एक होता, त्याची ही १९१३ ची नक्कल. त्यासाठी मेरीने स्वतःचे आणखी टियारे मोडले. त्यावरही सुरुवातीला उभे मोती होते, तेही तिने पुढे उतरवले. आज लोंबते १९ तेवढे आहेत.

म्हणजे लग्नात मिळालेलं मोडून आजीच्या दागिन्याची नक्कल, मग नक्कलही छाटली. आणि शंभर वर्षांनी आपण म्हणतो, अहाहा, काय परंपरा!

गोदाकाठ

पंतोजी, तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे. मुलींच्या टियाऱ्याची खालची पट्टी मेरीने वेगळी काढली होती ना? ती वेगळीच दिली-घेतली गेली आणि १९६९ मध्ये पुन्हा जोडली. जोडता आली, कारण पट्टी वितळवली नव्हती.

पंतोजी

मान्य. एक गुण तुम्हाला.

वेणीफणी

सगळे हिऱ्यांवर बोलताहेत, केसांवर कुणीच नाही! टियारा हवेत नाही ना बसत. खालच्या कडेला मखमल किंवा रिबीन गुंडाळतात, त्यात केसांच्या बटा अडकवून पिना मारतात. १९२० च्या सुमाराला बायकांनी केस कापले, बॉब आला, उंच टियारा बसवायला डोक्यावर काही उरलंच नाही. मग कपाळावरून बांधायच्या बुटक्या पट्ट्या आल्या. पुढे केस फुगवायची फॅशन आली तशी पुन्हा उंची हवीशी झाली. ग्रेव्हिल टियारा बघा, १९२१ चा, बूशरॉं या जवाहिऱ्यांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी. १९४२ मध्ये मिसेस ग्रेव्हिलने मृत्युपत्राने राणीला (एलिझाबेथच्या आईला) दिला. तिने १९५३ मध्ये कार्टियरकडून वरचे हिरे हलवून तो उंच करून घेतला. आताची राणी कॅमिला घालते तो हा उंच केलेला.

आपल्याकडे तरी काय झालं? खोपा गेला आणि मूद, राखडी, केवडा, नाग, गोंडे सगळं एकदम डब्यात गेलं. दागिना जुना होत नाही हो, केस जुने होतात. मी तुमच्या आत्तेबहिणीच्या बाजूने.

डाखवाला

आमची चौथी पिढी या धंद्यात, सातारा जिल्हा. मी स्वतः आता खुर्चीवर बसून बिलं करतो, पण वडिलांच्या हाताखाली दहा वर्षं फुंकणी धरली आहे. तेव्हा कारागिराच्या बाजूने दोन शब्द.

एक. 'मागे फिरता येईल असा बदल' हे ऐकायला छान आहे. पण एकोणिसाव्या शतकातलं काम कसं असतं बघा: हिरा चांदीत बसवलेला, कारण सोन्यात तो पिवळट दिसतो. पाठ सोन्याची, कारण चांदी काळी पडते आणि केसांना, कपड्यांना लागते. १९०० नंतर प्लॅटिनम आलं आणि तारा केसासारख्या बारीक करता आल्या. आता या जुन्या दोन धातूंच्या जोडकामात तुम्ही एक नवी कडी डाखवायला (आच देऊन सांधायला) गेलात की नव्या डाखाच्या आचेने शेजारचा जुना डाख सुटतो. तो सांधावा तर त्याच्या पलीकडचा सुटतो. म्हणून कारागीर कंटाळून म्हणतो, बाई, सगळंच मोडू आणि नव्याने करू. पुष्कळ दागिने मालकाच्या हौसेने कमी आणि या एका अडचणीने जास्त मोडले जातात, हे मी आमच्या पेढीवर बघितलंय.

दोन. आच द्यायची तर खडे आधी काढावे लागतात. हिरा एक वेळ सोसेल. मोती, पाचू, ओपल, फिरोजा यांना आच म्हणजे मरण. आणि खडा काढायचा म्हणजे त्याला धरून असलेली चांदीची कड उचलायची. ती कड एकदा उचलली, परत दाबली, ठीक. दोनदा ठीक. तिसऱ्यांदा तुटते.

तीन. सुटे भाग असलेला दागिना म्हणजे बिजागऱ्या आणि पेच, आणि तिथेच झीज. एलिझाबेथने लग्नात घातलेला झालरीचा टियारा (१९१९ चा, हाही मेरीने जुन्या हारातून घडवलेला) लग्नाच्या दिवशी सकाळी डोक्यावर ठेवताना कडकन मोडला. राजजवाहिऱ्याकडे पळवला, पोलीस सोबत, दुरुस्त करून आणला. लग्नाचा फोटो मोठा करून बघा, मधल्या दांड्याशेजारी फट दिसते. घाईत दिलेला डाख. मला तो फोटो बघितला की त्या कारागिराच्या हाताला सुटलेला घाम दिसतो.

मनमौजी

फोटो मोठा करून बघितला. फट आहे!! आता दुसरं काही दिसतच नाही.

सातासमुद्रापार

वॉशिंग्टनला राहते, स्मिथसोनियन संग्रहालयाला पाहुण्यांना घेऊन जायचा कंटाळा येईपर्यंत गेले आहे. तिथे एक टियारा आहे ज्याच्यासमोर मी दर वेळी भांडल्यासारखी उभी राहते.

नेपोलियनने १८१० मध्ये दुसऱ्या लग्नात मारी लुईजला दिलेला, नितो या जवाहिऱ्याने घडवलेला. हिऱ्यांच्या वेलबुट्टीत ७९ पाचू होते. हॅब्सबर्ग राजघराण्याकडे वारसाने राहिला. १९५३ मध्ये व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या जवाहिऱ्यांनी विकत घेतला आणि पाचू उपटून सुटे विकले. चोरून नाही, चक्क जाहिरात करून: नेपोलियनच्या टियाऱ्यातला पाचू घ्या! लोकांनी अंगठीत, पेंडंटमध्ये घालून नेले. मग त्या ७९ रिकाम्या कोंदणांत इराणी फिरोजे बसवले. १९७१ मध्ये एका श्रीमंत अमेरिकन बाईने घेऊन संग्रहालयाला दिला.

जवळून बघितलं की कळतं काय खटकतं ते. पाचूतून प्रकाश आत जातो. फिरोजा अपारदर्शक, त्यामुळे प्रकाश तिथे येऊन थांबतो. सगळीकडे हिऱ्यांची लखलख आणि मधे निळ्या रंगाचे ठोकळे, रंगवलेल्या गोट्या बसवल्यासारखे. मुलगी म्हणते, छान आहे की निळा! तिला पाचू माहीत नाहीत ना. निजामाच्या टियाऱ्यातून निदान दुसरा टियारा तरी झाला. इथे तर दागिना फोडून किरकोळीने विकला.

पंतोजी

याच संचातला पाचूंचा हार आणि कर्णभूषणं मात्र मूळ रूपात राहिली होती. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाने २००४ मध्ये घेतली. १९ ऑक्टोबर २०२५ ला सकाळी तिथे जी चोरी झाली त्यात तीच गेली. सोबत सम्राज्ञी युजेनीचा मोत्यांचा टियाराही गेला. म्हणजे विद्रूप केलेला टियारा वॉशिंग्टनमध्ये काचेत सुखरूप, आणि ज्याला कुणी हात लावला नव्हता तो हार चोरांच्या हाती. तेव्हा सगळ्यांना पहिली भीती हीच वाटली की चोर खडे सुटे करून विकतील.

सातासमुद्रापार

हे वाचून पोटात गोळाच आला. दोन आठवड्यांपूर्वी पुन्हा गेले होते तेव्हा हे डोक्यात नव्हतं.

फुकटचा_सल्ला

कोहिनूर परत आणा, मग टियाऱ्यांचं बघू.

गोदाकाठ

कोहिनूरसाठी वेगळा धागा आहे, तिथे ४०० प्रतिसाद झालेत, कृपया तिकडे.

नाशिककर

कोहिनूर नको तर नाशिकच्या हिऱ्याचं तरी बोला. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती गेला. लंडनला नेऊन पुन्हा पैलू पाडले, एका मार्क्विसने (इंग्रज सरदाराने) तलवारीच्या मुठीत बसवला. १९४० मध्ये न्यूयॉर्कला हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने पुन्हा कापला, तो आता ४३.३८ कॅरट. आधी नव्वदच्या आसपास होता. टियारा मोडला तर हिरे तरी राहतात. हिराच तासला की जे गेलं ते भुकटी होऊन गेलं. सोन्यात घट आली तर ती परत भरून देता येते, इथे कशाने भरणार?

बडोदेकरीण

विन्स्टनचं नाव निघालंच आहे तर आमच्या गायकवाडांचा किस्सा. प्रतापसिंहरावांच्या दुसऱ्या राणी सीतादेवी. त्यांच्याकडे पाचू-हिऱ्यांचे तोडे होते. पायातले. (आपण साधी माणसं सोनं पायात घालत नाही, लक्ष्मी ना ती. राजघराण्यांना मुभा.) १९५३ मध्ये ते विन्स्टनकडे गेले, त्याने मोडून गळ्यातला हार केला, आणि घेतला कुणी? विंडसरच्या डचेसने, जिच्यासाठी इंग्लंडच्या राजा एडवर्डने गादी सोडली ती. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समारंभात बाई तो हार घालून मिरवताहेत, लोक वा वा करताहेत, आणि तिथे सीतादेवी हजर. त्या म्हणाल्या म्हणे, हो तर, माझ्या पायात होते तेव्हाही छान दिसायचे. डचेसने हार परत करून टाकला.

आता सांगा, बदल मागे फिरण्यासारखा होता का? खडे तेच, पण पायातलं गळ्यात गेलं आणि एका वाक्यात उतरलं.

वेणीफणी

कसली बाई होती!! 😄

अनुस्वार

मला राहून राहून अलेक्झांड्राचा राग येतो. प्रिन्स अल्बर्टने १८५३ मध्ये व्हिक्टोरियासाठी एक टियारा स्वतः बेतला. १८५१ च्या प्रदर्शनात हिंदुस्थानातून गेलेले दागिने बघून त्याने मोगली कमानी आणि कमळं घेतली. खडे ओपल, कारण त्याला ते फार आवडायचे. तो गेल्यावर व्हिक्टोरियाने हा टियारा राजघराण्याचा ठेवा म्हणून नेमून ठेवला. सून अलेक्झांड्रा राणी झाली आणि १९०२ मध्ये तिने ओपल अशुभ म्हणून काढून माणकं घातली. माणकं सुंदरच आहेत, तक्रार नाही. पण ओपलचा दुधी, आत रंग फिरणारा प्रकाश डोळ्यांपुढे ठेवून त्या बिचाऱ्याने कमानी काढल्या असणार. एलिझाबेथने तो एकदाच घातलेला मला माहीत आहे, २००५ मध्ये माल्टाला.

पंतोजी

नीलम सगळ्यांना लाभत नाही म्हणून आपणही अंगठीतून काढून ठेवतोच की. तिला ओपल लाभत नव्हते.

अनुस्वार

काढून ठेवावेत. नवऱ्याने बायकोसाठी केलेल्या चित्रात सुनेने रंग बदलू नयेत.

गोदाकाठ

अनुस्वार, अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं. उलट व्लादिमिर टियारा बघा. रशियन ग्रँड डचेसचा, क्रांतीत लपवून बाहेर काढलेला, १९२१ मध्ये मेरीनेच विकत घेतला. पंधरा गोल, प्रत्येकात एक मोती लोंबतो. मेरीने मोत्यांच्या जागी पाचूही अडकवता येतील अशी सोय केली. पाचू कुठले, तर तिच्या आजीला फ्रँकफुर्टला सोडतीत लागलेले! त्यातलेच दहा १९११ च्या दिल्ली दरबारसाठी केलेल्या टियाऱ्यावर होते, तिथून उतरवले. आता मोती लावा, पाचू लावा, नाहीतर नुसते गोल ठेवा. दरबारचा टियारा टक्कल पडल्यासारखा दिसतो ते सोडा, पण व्लादिमिरचं काही बिघडलं नाही. मेरीला शिव्या आणि ओव्या एकाच धाग्यात द्याव्या लागताहेत.

डाखवालाकाका, राखडीचं काय करू? आकड्याने साखळीत अडकवता येईल का, न मोडता?

डाखवाला

न बघता सांगणारा सोनार खोटा. आधी रिठ्याच्या पाण्यात धुऊन घ्या, साबण-सोडा नको. खड्यासकट वजन करा आणि कागदावर लिहा. पुढचे-मागचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग पाठ भिंगाखाली बघा. खरं काय ते पाठीवर लिहिलेलं असतं, पुढून सगळेच दागिने हसतात.

गोदाकाठ

(बारा दिवसांनी)

आत्याला घेऊन आमच्या नेहमीच्या सोनारांकडे जाऊन आले. आत्तेबहीणही आली, तोंड फुगवून. रिठ्याने धुतल्यावर राखडीचा रंग बघून आत्याच्या डोळ्यांत पाणी. सोनारकाकांनी उलटी करून भिंग लावलं, बराच वेळ बोललेच नाहीत. मग आम्हाला एकेकीला भिंगातून दाखवलं. पाठीवर मधोमध अंबाड्यात खोचायचा आकडा आहे, त्याचा डाख पांढुरका आणि जाडाभरडा. आणि कडेला दोन ठिकाणी कानस मारल्याच्या तिरक्या रेघा, त्याखाली जुन्या डाखाचा डाग. काका म्हणाले, इथे कड्या होत्या, कुणीतरी कापून घासून टाकल्यात. आकडा मागाहून बसवलाय. ही राखडी म्हणून जन्माला आलेली नाही.

आत्तेबहीण दुकानातच ओरडली, "म्हणजे पदकच होतं! बघ आई!" आत्या काही बोलली नाही. रिक्षात म्हणाली, पणजीनेच केलं असेल, तिला हौस फार.

पंतोजी

पणजीबाई म्हणजे तुमच्या घरच्या राणी मेरी निघाल्या.

डाखवाला

थांबा. कड्या नेमक्या कुठे होत्या? वरच्या अंगाला जवळजवळ, की समोरासमोर दोन बाजूंना?

गोदाकाठ

समोरासमोर. घड्याळात तीन आणि नऊ वाजता असतात तशा.

डाखवाला

मग पदक नव्हे. बाजूबंद. कड्यांतून रेशमी गोफ ओवून दंडाला बांधायचा. आणि बाजूबंद एक नसतो, जोडी असते. दुसरा कुणाकडे आहे विचारा.

गोदाकाठ

आत्याला विचारलं. ती नांदेडच्या चुलत घराण्याला फोन लावून बसली आहे. आत्तेबहिणीला अजून सांगितलेलं नाही.